स्वभावाला औषध नाही, असं मी फोनवर म्हणाले

आमच्या स्वयंपाकघरात कणकेच्या डब्याला टेकवून एक पुस्तक उभं असतं. खाकी कव्हर, त्यावर हळदीची बोटं, आत सामान्य मानसशास्त्र. वय ४६, इयत्ता एफ.वाय.बी.ए., मुक्त विद्यापीठ. सांगलीत अकरा वर्षं मी मेस चालवते. सध्या बेचाळीस डबे आहेत, बहुतेक कॉलेजची पोरं. त्यांच्यातल्याच एकीची जुनी पुस्तकं रद्दीत जाता जाता माझ्याकडे आली, मी चाळली आणि फॉर्म भरून टाकला. इतकीच त्यामागची प्रेरणा. 'प्रेरणा' या नावाचं प्रकरणही त्यात आहे, पण ते मला फारसं पटलं नाही.

पुस्तकाची भाषा मात्र जड. 'अभिजात अभिसंधान' हे शब्द पहिल्यांदा वाचले तेव्हा मला सवाई गंधर्वच्या मंडपात बसल्यासारखं झालं. निघालं काय, तर पावलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाचे कुत्रे आणि त्यांची लाळ, जेवणाआधीची खूण ओळखीची झाली की नुसत्या खुणेलाच सुटणारी. (त्या पावलॉव्हला १९०४ साली नोबेल मिळालं ते पचनक्रियेवरच्या कामाबद्दल, हे मला फार आवडलं. माझाही धंदा शेवटी पचनाचाच.)

पहिला दणका बसला तो 'नकारात्मक प्रबलन' या शब्दाने. मी समजत होते की नकारात्मक म्हणजे शिक्षा. तसं नाही. एखादी कटकट थांबते म्हणून आपण जे वागणं पुन्हा पुन्हा करतो, ते नकारात्मक प्रबलन. आता मेस चालवणाऱ्यांना 'खाडे' म्हणजे काय ते सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. पोरगा गावी गेला की तेवढ्या दिवसांचे पैसे कापायचे, ते खाडे. नियम असा, की आदल्या दिवशी कळवायचं. आमच्याकडे एक पोरगा होता, महिनाअखेरीला फोन करायचा, "काकू, माझे सहा खाडे धरा." माझ्या वहीत तीन. मी नाही म्हणायचे. दुपारी पुन्हा फोन, संध्याकाळी पुन्हा, रात्री भांडी घासताना चौथा. चौथ्याला मी म्हणायचे, "बरं बाबा, सहा. आता ठेव." फोन बंद, जीव शांत.

मला वाटायचं, तीनदा नाही म्हणून मी त्याला शिस्त लावतेय. प्रत्यक्षात मी त्याला शिकवत होते की चार फोन करावे लागतात. आणि तो मला शिकवत होता की 'बरं बाबा' म्हटलं की कटकट थांबते. मला घडवणारा माणूस एकोणीस वर्षांचा होता आणि त्याला मानसशास्त्र हा विषयही नव्हता.

असो. लिहायला बसले ते वेगळ्याच गोष्टीवर.

मार्गशीर्षात चपात्या लाटायला येणाऱ्या मावशी सलग तीन दिवस उशिरा आल्या. तिसऱ्या दिवशी मी फोन खांद्यात धरून कणीक मळत होते आणि बहिणीला सांगत होते, "दोनदा बोलून झालं गं. स्वभावाला औषध नाही." त्या दिवशी काही माझी ट्यूब पेटली नाही. पेटली रविवारी. मुलाचं कॉलेजमधलं सबमिशन चुकलं होतं आणि त्याच्या बाबांनी आवाज चढवला, तशी मी मध्ये पडले. रात्रभर जागा होता हो, त्यात लाईट गेली, सकाळी प्रिंटवाल्याचं दुकान बंद, तो तरी काय करणार. एका दमात चार कारणं, आणि चारही बाहेरची. तोंडातून शेवटचं वाक्य बाहेर पडायच्या आत मावशी आठवल्या. त्यांच्यासाठी माझ्याकडे एकच कारण होतं आणि ते त्यांच्या आत होतं.

पुस्तकात याला 'मूलभूत गुणारोपण प्रमाद' म्हणतात. दुसरा जे वागतो त्याचं कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो, परिस्थितीकडे बघत नाही. हे नाव ली रॉस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली दिलं, पण त्याच्या दहा वर्षं आधी, १९६७ मध्ये, जोन्स आणि हॅरिस यांनी एक प्रयोग केला होता. क्युबाचा कम्युनिस्ट नेता फिडेल कॅस्ट्रो, त्याच्या बाजूचे आणि विरोधातले निबंध अमेरिकन विद्यार्थ्यांना वाचायला दिले. काहींना स्पष्ट सांगितलं, की लिहिणाऱ्याला बाजू निवडायची मुभा नव्हती, नेमून दिलेली होती. तरी कॅस्ट्रोच्या बाजूने लिहिणारा मनातूनही थोडाफार कॅस्ट्रोवालाच असणार, असं त्यांना वाटलं. शाळेत 'विज्ञान शाप की वरदान' या वादविवादात माझ्या वाट्याला शाप आला होता. पुढे वर्षभर शास्त्राच्या बाई मला 'काय अंधश्रद्धा' म्हणून हाक मारायच्या. बाईंना प्रयोग माहीत असता तर.

इथवर पाठ्यपुस्तक. मला जे म्हणायचंय ते याच्या पुढचं आहे.

१९८४ साली जोन मिलर या संशोधिकेने शिकागोतल्या आणि आपल्या म्हैसूरमधल्या लोकांना विचारलं, की ओळखीतलं कुणी चांगलं किंवा वाईट वागल्याचा प्रसंग सांगा आणि तो माणूस तसा का वागला तेही सांगा. दोन्हीकडची आठ वर्षांची पोरं साधारण सारखीच बोलली. मोठ्यांमध्ये मात्र फाटा फुटला. अमेरिकन मोठी माणसं स्वभावावर बोट ठेवत होती, म्हैसूरची माणसं परिस्थितीवर, नात्यावर, कर्तव्यावर. म्हैसूरच्या एकाने सांगितलेला प्रसंग असा: एका वकिलाच्या मोटारसायकलला अपघात झाला, मागे बसलेला जखमी झाला. वकिलाने त्याला दवाखान्यात पोचवलं आणि तो कोर्टाच्या कामाला निघून गेला. जखमी पुढे मेला. अमेरिकन म्हणाले, वकील बेजबाबदार. आपल्याकडचा म्हणाला, त्याला कोर्टात हजर राहणं भाग होतं, आणि जखम किती गंभीर आहे हे त्याला कळलं नसेल.

हे वाचून मला भारीच वाटलं. म्हणजे आपण त्या प्रमादातून सुटलो की! माझी आजी असंच बोलायची. कुणाचं काही वाकडं झालं की "वेळच तशी आली गं त्याच्यावर." पण मग मावशींच्या बाबतीत माझ्यातलं म्हैसूर कुठे गेलं होतं?

मराठीतल्या म्हणी आठवून बघा. एकीकडे 'स्वभावाला औषध नाही', 'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही', 'कुत्र्याचं शेपूट वाकडं ते वाकडंच'. दुसरीकडे 'अडला हरी गाढवाचे पाय धरी'. गाढवाचे पाय धरूनही हरी हरीच राहतो, लाचार ठरत नाही, कारण तो अडला होता. दोन्ही प्रकारची औषधं आपल्या घरात आहेत. कुणाला कोणतं द्यायचं हे मात्र आधीच ठरलेलं असतं. नवरा चिडला तर ऑफिसचं टेन्शन, कामवाली चिडली तर माजली. भाचा दोन वर्षं घरी बसून असला तर मार्केटच डाऊन आहे, शेजारच्याचा बसला तर पहिल्यापासून आळशी. आणि त्याहून लांबचं कुणी असलं, की स्वभावावरही भागत नाही. मग जात काढली जाते, धर्म काढला जातो, "ती लोकं तसलीच."

हेही कुणीतरी तपासून ठेवलंय, तेही आपल्याच देशात. १९७४ साली टेलर आणि जग्गी या संशोधकांनी दक्षिण भारतातल्या हिंदू कारकुनांना काही प्रसंग दिले. दुकानदाराने उदारपणा दाखवला, दुकानदाराने फसवलं, अशा धर्तीचे. कधी त्यातला माणूस हिंदू, कधी मुसलमान. हिंदू चांगलं वागला तर तो मुळात चांगला, वाईट वागला तर काहीतरी कारण घडलं असेल. मुसलमानाच्या बाबतीत बरोबर उलटं. मला नाही वाटत की कारकून मुसलमान असते आणि प्रश्न तेच असते, तर निकाल फार सज्जन आला असता. पण हा माझा अंदाज, पुस्तकात नाही.

तर माझं मत असं, की परिस्थिती समजून घ्यायची अक्कल आपल्यात भरपूर आहे, पण ती आपण रेशनवर वाटतो. घरच्यांना पोतंभर, गल्लीतल्यांना किलोभर, बाकीच्यांना 'माल संपला'.

माझ्याच बाबतीतला एक पुरावा देते, कारण हा कमीपणा कबूल करायला मला सहा वर्षं लागली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेला पूर आला आणि आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५. माझी नणंद गावभागात राहते. तिच्या घरात पाणी शिरलं आणि ते चौघं आमच्याकडे आले. आमची गल्ली उंचावर, पाणी आलं नाही. त्या आठवड्यात धरणाबद्दल एक भयंकर अफवा फिरत होती. ती काय होती ते इथे पुन्हा लिहीत नाही, फिरवून झालंय माझं. होय, मी ती सात ग्रुपवर पाठवली. नणंदेने एकही ठिकाणी पाठवली नाही. ती एवढंच विचारत होती, की गॅसचं पुस्तक कुणी उचललं होतं का. नंतर अफवा पसरवणाऱ्यांवर सगळ्यांनी तोंडसुख घेतलं, मूर्ख, विघ्नसंतोषी वगैरे. मीही घेतलं, स्वतःला वगळून.

यंदा 'बोधात्मक विसंगती'चं प्रकरण वाचताना मला घाम फुटला. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. जमुना प्रसाद या मानसशास्त्रज्ञाने त्यानंतरच्या अफवा गोळा केल्या. जिथे जमीन हादरली, पण पडझड झाली नाही, तिथे अफवा होत्या त्या यापेक्षाही भयंकर काहीतरी येणार असल्याच्या. पुढे लिऑन फेस्टिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ते वाचलं आणि त्याला प्रश्न पडला, की माणसं स्वतःलाच घाबरवणाऱ्या गोष्टी कशाला पसरवतील? त्याचं उत्तर असं, की भीती तर आधीच बसली होती. डोळ्यांसमोर मात्र घाबरण्यासारखं काही दिसत नव्हतं. ही विसंगती सोसवेना, म्हणून भीतीला शोभेल असं कारण तयार झालं. १९५७ साली त्याने मांडलेल्या 'बोधात्मक विसंगती'च्या प्रसिद्ध सिद्धान्ताचं बी त्या बिहारच्या अफवांत आहे. त्याने दुर्गानंद सिन्हा यांचा अभ्यासही पाहिला, दार्जिलिंगच्या दरडींचा. तिथे माणसांनी नासधूस समोर पाहिली होती, आणि तिथे पुढच्या संकटाच्या तसल्या अफवा नव्हत्या.

दार्जिलिंग म्हणजे माझी नणंद. बिहारच्या कोरड्या बाजूची मी. ती शहाणी आणि मी मूर्ख असं नसून, ती पाण्यात होती आणि मी पाण्याच्या काठावर होते. हे वाचून मला बरं वाटलं, आणि लगेच लक्षात आलं की पुन्हा स्वतःलाच पोतंभर दिलं.

एक जाता जाता. हल्ली पोरापोरींच्या तोंडी जे चाललंय, अमका नार्सिसिस्ट, तमकी टॉक्सिक, रूममेटला ओसीडी (म्हणजे तो चप्पल जागेवर ठेवतो), त्याने मला काळजी वाटते. त्यांना वाटतं हे मानसशास्त्र. मला तर ते इंग्रजी कपडे घातलेलं 'स्वभावाला औषध नाही' वाटतं. शिक्का मारला की विचार संपला. पहिल्या वर्षाच्या पुस्तकाने कुणाचं निदान करता येत नाही, हे पहिल्याच प्रकरणात लिहिलेलं असतं. ते प्रकरण परीक्षेला कमी मार्कांचं असल्यामुळे कुणी वाचत नाही.

मागे याच विषयावर चार ओळी टाकल्या होत्या, तेव्हा एका मैत्रिणीने खाली विचारलं होतं, "मग दारू पिऊन बायकोला मारणाऱ्याचीही परिस्थितीच का?" तिने का विचारलं ते मला ठाऊक आहे, म्हणून तिला वरवरचं उत्तर दिलं नाही. आज देते. कारण शोधणं आणि सोडून देणं ही दोन वेगळी कामं आहेत. आपल्याकडे माराचं कारण सांगणारे बहुतेक वेळा सोडवायला आलेले असतात, म्हणून ती दोन्ही एकच वाटतात. आणि तिथेही बघ, त्याच्यासाठी कारणं शोधायला अख्खी भावकी बसते. तिच्याबद्दल मात्र "तिचं तोंडच तसलं आहे." रेशनचा काटा तिथेही कुणाच्या हातात आहे ते दिसतंच.

मावशींचं राहिलं. त्या रविवारनंतर सोमवारी मी त्यांना पहिल्यांदा 'का' असं विचारलं, आवाज न चढवता. तोवर मी "किती वाजले?" एवढंच विचारत होते, आणि त्याला प्रश्न म्हणत नाहीत. त्यांच्या गावाहून त्या वडापने, म्हणजे शेअर गाडीने येतात. थंडी पडल्यापासून पहिल्या फेरीला माणसं भरत नाहीत आणि गाडी भरल्याशिवाय हलत नाही. गेले तीन आठवडे त्या सहालाच नाक्यावर येऊन उभ्या राहत होत्या. मी त्यांची वेळ अर्ध्या तासाने पुढे केली, कणीक आदल्या रात्री मळून ठेवायला लागले, आणि सकाळच्या डब्यात चपात्यांच्या आधी भात-आमटी भरायला घेतली. एवढंच. त्यानंतरही त्या दोनदा उशिरा आल्या. त्यातल्या एकदा नुसती झोप लागली होती, असं त्यांनीच हसत सांगितलं.

परवा त्या चपात्या लाटत होत्या आणि मी डबे पुसत होते. मध्येच म्हणाल्या, "वैनी, राग मानू नका, पण तुमचा सोभाव लई बदलला बगा. आधी लई तिरसट हुता."

मी पुस्तकाकडे बघितलं. सांगणार होते, की मावशी, स्वभाव नव्हे हो, वेळ बदलली. पण पावणेनऊ झाले होते आणि अठरा डबे भरायचे राहिले होते.