हौशी मालकाची जिप्सी

"काहीच काम नाही, नुसतं पेट्रोल टाका आणि चालवा." मारुतीची जुनी फोर बाय फोर जिप्सी विकणारा प्रत्येक जण हे वाक्य म्हणतो, आणि म्हणताना त्याचा एक पाय हमखास इंजिनखालच्या तेलाच्या डागावर असतो.

साधी जुनी गाडी झिजलेली असते, एवढंच. मॉडिफाय केलेल्या गाडीवर मात्र लोकांनी डोकं चालवलेलं असतं. मालकाने, मेव्हण्याने आणि चौकातल्या वेल्डिंगवाल्याने. त्यामुळे बसवलेल्या वस्तूंचं कौतुक निमूट ऐकून घ्यावं आणि मनात एकच प्रश्न धरून ठेवावा: हे बसवताना काढलं काय, आणि ते आहे कुठे? मूळ एअर फिल्टरचा डबा, मूळ शॅकल (कमान पाट्याला चासीशी जोडणारी कडी), मूळ स्टिअरिंग, वायरिंगचे कापलेले कपलर. "माळ्यावर असेल कुठेतरी" असं उत्तर आलं, की ते भंगारात गेलं असं समजून पुढचं बोलणं करायचं.

जायचं सकाळी, आणि निघताना फोन करायचा की गाडी सुरू करू नका. पोचल्यावर आधी बॉनेटला हात. कोमट लागलं तर "आत्ताच जरा पुढेमागे घेतली" ऐकायची तयारी ठेवा. गार इंजिनच खरं बोलतं. सुरू होताच निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल आणि रेडिएटरचं पाणी घटत असेल तर हेड गॅस्केट गेलंय. याच वेळी बॉनेटखाली आणखी एक गंमत बघून घ्यावी. जिप्सी किंगचं 1.3 लिटरचं इंजिन आधी कार्ब्युरेटरचं, साधारण 60 हॉर्सपॉवरचं होतं. 16 व्हॉल्व्हचं, 80 हॉर्सपॉवरचं एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणारं, आलं 2000 साली. आरसीवर 1998 लिहिलंय आणि बॉनेटखाली एमपीएफआय दिसतंय, तर इंजिन दुसऱ्या गाडीचं आहे. मग ब्लॉकवरचा नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचा. "त्यावर जरा मळ बसलाय" म्हणाले तर खिशातून तारेचा ब्रश काढायचा. तो खिशात असलाच पाहिजे.

आता स्नॉर्कल. खिडकीच्या काचेशेजारून छपरापर्यंत गेलेली ती काळी सोंड, जिच्या जोरावर मालक तुम्हाला सांगतो की ही गाडी छातीइतक्या पाण्यातून गेली आहे. इंजिन चालू ठेवा आणि सोंडेचं तोंड तळहाताने घट्ट झाका. इंजिन गुदमरून बंद पडलं तर जोडकाम हवाबंद आहे, मालकाचं अभिनंदन करा. इंजिन गात राहिलं तर ते हवा दुसरीकडूनच घेतंय आणि ती सोंड शोभेची आहे. आतला पाइप एअर फिल्टरपर्यंत पोचलेलाच नाही, किंवा डब्याच्या जागी उघडा शंकूसारखा फिल्टर लावलाय, जो बॉनेटखालची गरम हवा ओढतो. मालकाला हा प्रयोग आवडत नाही. मला फार आवडतो.

टायरचं गणित घरूनच करून जावं. कंपनीचं माप 205/70 आर 15, म्हणजे उंची 668 मिलिमीटर. हौशी मंडळी 235/75 लावतात, म्हणजे साधारण 733. फरक जवळजवळ 10 टक्क्यांचा. काटा 60 दाखवतो तेव्हा गाडी 66 वर असते, ओडोमीटर दर शंभर किलोमीटरमागे दहा गिळतो आणि घाटात तिसऱ्याच्या जागी दुसरा टाकावा लागतो. मालक म्हणतो "अॅव्हरेज थोडं कमी झालंय." त्यातलं थोडं काट्याने चोरलेलं असतं, बाकीचं खरंच कमी झालेलं असतं.

हे टायर आत मावावेत म्हणून गाडी उचललेली असते, आणि कमान पाट्यांच्या गाडीला स्वस्तात उचलायचा मार्ग म्हणजे लांब शॅकल. पुढे लांब शॅकल लावली की अॅक्सल किंचित फिरतो, कॅस्टर, म्हणजे चाकाच्या वळण्याच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन, कमी होतो आणि वळण संपल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ येत नाही. मोकळ्या, सपाट रस्त्यावर वळल्यावर पकड सैल करून बघा. ब्रेकचे होज, म्हणजे ऑइलच्या रबरी नळ्याही बघा: गाडी वर गेली, होज तेवढेच राहिले, आणि चाक खाली लोंबलं की ते तारेसारखे ताणतात.

साठ-सत्तरच्या वेगाला पुढची चाकं थडथडायला लागली तर "व्हील बॅलन्सिंग करून घ्या" हे उत्तर ठरलेलं. ते घेऊ नका, जॅक घ्या. पुढचं चाक उचला, वर-खाली, म्हणजे घड्याळातल्या 12 आणि 6 वर धरून हलवा. खेळ जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेकवर खेळ गेला तर व्हील बेअरिंग. राहिला तर किंगपिनचं, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या खुंटीचं, बेअरिंग. खाली वाकलाच आहात तर टायरची आतली भिंत बघा. तिथे तेल-ग्रीसचा काळा चिखल उडालेला असला तर नकलचं, म्हणजे अॅक्सलच्या टोकाला चाक वळवणाऱ्या सांध्याचं, सील गेलंय. सील स्वस्त आहे, पण त्यासाठी अख्खा नकल खोलावा लागतो.

जिप्सीचा ट्रान्सफर केस, म्हणजे ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा डबा, गिअरबॉक्सपासून वेगळा, रबरी माउंटवर टांगलेला असतो. माउंट फाटले की क्लच सोडताना खालून धाडकन आवाज येतो आणि फोर बाय फोरचा दांडा नाचतो. फोर बाय फोर मातीवरच तपासावा. कोरड्या डांबरावर लावून वळलात तर गाडी अडते आणि दोष तुमच्यावर येतो.

गंजासाठी कापडात गुंडाळलेलं छोटं मॅग्नेट पुरतं. मागच्या चाकांच्या मागे, दरवाजाखाली, काचेच्या चौकटीखाली फिरवा. सुटलं तिथे पत्रा कमी आणि लांबी (पुटी) जास्त. चासी ताजी काळीकुळकुळीत रंगवलेली असेल तर कौतुक नको, मागच्या शॅकलच्या ब्रॅकेटपाशी स्क्रूड्रायव्हरने ठोका. ठणठण ठीक, भदभद नाही.

वायरिंगसाठी मल्टिमीटर. सगळं बंद करून बॅटरीच्या निगेटिव्हला सिरीजमध्ये लावा. करंटची गळती 50 मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. 300 निघाले तर 45 अँपिअर-अवरची बॅटरी सहा दिवसांत कोरडी, आणि सेल्फ त्याच्या कितीतरी आधी मान टाकणार. शंभर वॉटचे दोन जादा दिवे म्हणजे 17 अँपिअर. रिले, म्हणजे जास्त करंट झेलणारा वेगळा स्विच, नसेल तर तेवढा करंट मूळ स्विचमधून जातोय. स्विचपाशी नाक नेलंत तरी कळतं.

कागदांपाशी हसू आटोपतं. ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण दलांच्या गाड्यांना आहे, केंद्रीय मोटार वाहन नियम 121 तसं सांगतो. जिप्सीवाल्यांना मात्र नेमका तोच हवा असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल चालत नाही, 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. पंधरा वर्षं झालेल्या गाडीची नोंदणी पुन्हा करताना आरटीओसमोर ती उभी करावी लागते, आणि तेव्हा माळ्यावरचे मूळ पार्ट आठवतात. दिल्लीची पाटी असेल तर स्वस्ताईवर भाळू नका. तिथे पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आली म्हणून त्या इकडे येतात. एनओसी, इथला कर आणि नवा नंबर हे तुमच्या खिशातून.

किमतीची गोष्ट निघाली की मालक हौसेची बिलं काढतो: टायर इतके, दिवे इतके, बंपर इतका. त्यांना म्हणावं, टायर-दिवे काढून घ्या आणि वेगळे विका, मला मूळ गाडी द्या. नेमका त्याच वेळी त्यांचा फोन वाजतो आणि नाशिकचं गिऱ्हाईक निघालेलं असतं. येऊ द्या त्याला. टोकन द्यायचंच झालं तर रोख नको, आणि पावतीवर इंजिन नंबर, चासी नंबर आणि माळ्यावरच्या वस्तूंची यादी लिहून घ्या. एअर फिल्टरचा डबा एक नंबरला.