तरुणांची संख्या आणि तरुणांची सत्ता

सप्टेंबर २०२५ मध्ये रस्त्यावर उतरलेल्या तरुणांपुढे नेपाळचे सरकार दोन दिवसांत कोसळले. त्यानंतर एक मजकूर बराच फिरू लागला. त्याचा आशय असा, की लोकसंख्येत तरुण बहुसंख्य असल्यामुळे सत्तेची किल्ली त्यांच्याच हाती आहे. ही पिढी एकदिलाने विचार करते. तरुण चेहरे सभागृहात गेले की तरुणांचे प्रश्न सुटतात. आणि या पिढीला नेता, पक्ष वा संघटना लागत नाही, हातातला मोबाइल पुरतो. तरुणांना राजकारणातले काही कळत नाही, असे म्हणणाऱ्यांची तळी मला उचलायची नाही. मात्र हा मजकूर तरुणांचे कौतुक करता करता त्यांची दिशाभूल करतो, असे माझे मत आहे.

पहिले विधान संख्येचे आहे. भारतापुरते ते ‘पासष्ट टक्के लोक पस्तिशीच्या आतले’ या वाक्यात सांगितले जाते. या पासष्ट टक्क्यांत पाळण्यातले मूलही मोजलेले असते, हे सांगणारा सहसा विसरतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीआधीच्या मतदारयादीत सुमारे ९६.८ कोटी नावे होती. त्यांत १८-१९ वर्षांचे १.८४ कोटी आणि विशीतले १९.७४ कोटी, म्हणजे तिशीच्या आतले मतदार सारे मिळून २२ टक्क्यांच्या आसपास भरतात. मतदानाचे वय २१ वरून १८ वर आणणारी ६१वी घटनादुरुस्ती १९८८ साली संमत झाली, पण हक्क मिळाला म्हणून यादीत नाव आपोआप येत नाही. शिक्षणासाठी परगावी गेलेल्या मुलीचे नाव आईवडिलांच्या पत्त्यावर राहते, स्थलांतराचा ८ क्रमांकाचा अर्ज भरायचा राहून जातो, आणि मतदानाच्या दिवशी तिची परीक्षा असते किंवा प्रवासाला पैसे नसतात. वर्षानुवर्षे एकाच घरात राहणाऱ्या तिच्या आजोबांना यातले काहीच करावे लागत नाही.

दुसरे विधान तर सरळ चुकीचे आहे. दक्षिण कोरियाच्या २०२२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत, मतदानोत्तर चाचण्यांनुसार, विशीतल्या सुमारे ५८ टक्के पुरुषांनी यून सुक-योल यांना, तर विशीतल्याच सुमारे ५८ टक्के स्त्रियांनी त्यांचे प्रतिस्पर्धी ली जे-म्युंग यांना मत दिले. एकाच वर्गात शिकलेल्या मुलामुलींनी एकमेकांच्या विरुद्ध बाजू धरली. जर्मनीत २०१९ च्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीत पंचविशीच्या आतल्या मतदारांपैकी सुमारे एक तृतीयांश मतदार ग्रीन पक्षाकडे गेले होते, तेव्हा ही हवामानबदलाने जागी झालेली पिढी आहे, असे सांगितले गेले. पाचच वर्षांनी त्या वयोगटात ग्रीन पक्ष ११ टक्क्यांवर आला आणि अतिउजव्या एएफडी पक्षाने सुमारे १६ टक्के मिळवले. वय सारखे असले तरी घरभाडे, नोकरी, लिंग आणि शिक्षण सारखे नसते.

तिसऱ्या विधानावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. अठराव्या लोकसभेत पंचविशी-सव्विशीचे चार खासदार निवडून आले, ही बातमी सर्वांनी आनंदाने वाचली. त्यांपैकी तिघांचे वडील आधीपासूनच मंत्री, आमदार किंवा खासदार म्हणून राजकारणात होते, हे तितक्या आवडीने वाचले गेले नाही. उमेदवारी कोण वाटतो, हा प्रश्न उमेदवाराच्या जन्मसालापेक्षा महत्त्वाचा आहे.

खरा वाद चौथ्या विधानाशी आहे, कारण त्याच्या बाजूने दाखवण्याजोगी उदाहरणे खरोखर आहेत. श्रीलंका, बांगलादेश आणि नेपाळ या तिन्ही ठिकाणी जमाव जमवण्याचे काम मोबाइलने केले, आणि ते अत्यंत प्रभावीपणे केले. पण पायउतार झालेल्यांच्या जागी लगेच कोण आले, ते पाहावे. श्रीलंकेत जुलै २०२२ मध्ये ७३ वर्षांचे राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे सत्तेवरून गेले आणि त्यांच्या जागी संसदेने ७३ वर्षांच्याच रनिल विक्रमसिंघे यांना निवडले, ज्यांचाही राजीनामा आंदोलक मागत होते. बांगलादेशात ऑगस्ट २०२४ मध्ये ७६ वर्षांच्या पंतप्रधान शेख हसीना सत्तेवरून गेल्या आणि हंगामी सरकारचे प्रमुख म्हणून ८४ वर्षांचे अर्थतज्ज्ञ मुहम्मद युनूस आले. नेपाळमध्ये ७३ वर्षांचे पंतप्रधान के. पी. शर्मा ओली गेले आणि डिस्कॉर्ड या ऑनलाइन गप्पांच्या मंचावरील चर्चेतून तरुणांनीच पुढे केलेल्या माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की हंगामी पंतप्रधान झाल्या. त्याही ७३ वर्षांच्या. युनूस आणि कार्की यांच्या योग्यतेवर हा आक्षेप नाही. सर्वांना विश्वासार्ह वाटेल असे नाव तरुणांना स्वतःच्या पिढीत मिळाले नाही, कारण पदे, निवडणुका आणि शिस्त यांतून नेतृत्व घडवणारी रचना हाताशी नव्हती. बांगलादेशात काही विद्यार्थी नेते हंगामी सरकारच्या सल्लागार मंडळात गेले, तरी त्यांचा स्वतःचा पक्ष फेब्रुवारी २०२५ मध्ये, म्हणजे सत्तांतरानंतर सहा महिन्यांनी निघाला.

रस्ता तरुणांनी मोकळा केला की त्यावरून आधी तोच जातो ज्याची गाडी तयार असते. इजिप्तमध्ये फेब्रुवारी २०११ मध्ये राष्ट्राध्यक्ष होस्नी मुबारक सत्तेवरून गेले. पुढच्या वर्षी अध्यक्षपदाची अंतिम लढत १९२८ पासून कार्यरत असलेल्या मुस्लिम ब्रदरहूड या इस्लामी संघटनेचे उमेदवार आणि मुबारक यांचे अखेरचे पंतप्रधान यांच्यात झाली. श्रीलंकेतील असंतोषाचे पीकही अखेर १९६५ साली स्थापन झालेल्या जनता विमुक्ती पेरामुना या डाव्या पक्षाच्या आघाडीने कापले. तिच्या संसदेतील जागा २०२० मधील ३ वरून २०२४ मध्ये १५९ वर गेल्या.

संघटनेच्या जोरावर काय होते, हे चिलीत दिसते. तिथली २०११ ची आंदोलने महागड्या शिक्षणाविरुद्ध होती आणि ती विद्यापीठांतील निवडून आलेल्या विद्यार्थी महासंघांनी चालवली होती. म्हणजे मागण्या लिहायला, मंत्र्यांसमोर बसायला आणि आपल्याच सभासदांना उत्तर द्यायला माणसे ठरलेली होती. त्यांतले चार नेते २०१३ मध्ये संसदेत गेले. २०१६ पासून कमी उत्पन्नाच्या निम्म्या कुटुंबांतील मुलांसाठी विनाशुल्क उच्च शिक्षण सुरू झाले, आणि त्या चौघांपैकी गाब्रिएल बोरिच २०२१ मध्ये, वयाच्या पस्तिशीत, देशाचे अध्यक्ष म्हणून निवडून आले. फिरणाऱ्या मजकुराच्या भाषेत बोलायचे तर हा दोन दिवसांचा नव्हे, दहा वर्षांचा हिशेब आहे. त्यातही पडझड आहेच: बोरिच यांनी ज्या नव्या राज्यघटनेला पाठिंबा दिला होता, तो मसुदा सप्टेंबर २०२२ च्या सार्वमतात सुमारे ६२ टक्के मतदारांनी फेटाळला. विनाशुल्क शिक्षणाचा कायदा मात्र त्यानंतरही टिकून राहिला.