‘३० दिवसांत फुकट पियानो’: फुकट खरं, बाकीचं तपासून घ्या

सध्या एक मेसेज या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: पियानो घरबसल्या फुकट शिका, शिक्षकाची गरज नाही. नोटेशनच्या (लिहिलेल्या स्वरलिपीच्या) भानगडीत पडू नका, व्हिडिओत वरून खाली येणारे रंगीत ठोकळे बघा आणि वाजवा. चार कॉर्ड्स (एकदम वाजवायचे स्वरांचे गट) पाठ केल्या की कुठलंही गाणं येतं. बोट कुठलंही वापरलं तरी चालतं. पियानो नसेल तर फोनच्या पडद्यावरही होतं. रोज दोन तास बसा, ३० दिवसांत तुम्ही तयार.

फुकट शिकता येतं, याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. नवशिक्याला बराच काळ पुरेल एवढं साहित्य आज पैसे न मोजता मिळतं आणि त्यातलं पुष्कळसं उत्तम आहे. गंमत अशी, की हा मेसेज ज्या गोष्टी सोडून द्यायला सांगतो, नेमक्या त्या आल्या तरच ते साहित्य कामी येतं.

“नोटेशन शिकायची गरज नाही”

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं, म्हणून इथे जरा सविस्तर.

पियानोसाठी फुकट मिळणारा सगळ्यात मोठा साठा व्हिडिओंचा नाही, लिहिलेल्या संगीताचा आहे. आयएमएसएलपी हे ऑनलाइन ग्रंथालय २००६ पासून चालू आहे आणि स्वामित्वहक्काची मुदत संपलेल्या रचना तिथून उतरवून घेता येतात. बायरचं ओपस (रचनाक्रमांक) १०१, बुर्गम्यूलरच्या ओपस १०० मधले २५ छोटे अभ्यास, चेर्नीचे ढीगभर धडे. पिढ्यान् पिढ्या नवशिके ज्यावर घडले ते जवळपास सगळं तिथे आहे. (हक्काची मुदत देशागणिक बदलते, तेवढं आपापलं तपासावं.) नोटेशन येत नसेल तर यातलं एक पानही उपयोगाचं नाही. कोणीतरी ठोकळ्यांचा व्हिडिओ करील तेव्हा आणि तेवढंच तुम्ही वाजवणार.

ठोकळ्यांत नेमकं काय हरवतं, ते एका रचनेवरून बघू. संगीतकार योहान सेबास्टियान बाखची पत्नी आना माग्दालेना हिच्या १७२५ च्या वहीत ‘जी मेजर’ या स्वरक्रमातला एक मिन्युएट (नाचाच्या चालीची छोटी रचना) आहे. वर्षानुवर्षं तो बाखच्याच नावावर खपला, प्रत्यक्षात तो क्रिस्टियान पेट्झोल्डचा. नवशिक्यांच्या वाट्याला तो हमखास येतो. बार (दोन उभ्या रेघांमधला तालाचा तुकडा) तीन मात्रांचा. सी, डी, ई, एफ, जी, ए, बी ही स्वरांची पाश्चात्त्य नावं. पहिल्या बारमध्ये उजव्या हाताला एका मात्रेचा डी आणि मग अर्ध्या-अर्ध्या मात्रेचे जी, ए, बी, सी. तिसऱ्या बारमध्ये एका मात्रेचा ई आणि मग सी, डी, ई, एफ शार्प (एफच्या लगेच वरची काळी पट्टी). कागदावर हे दोन्ही बार एकाच ओळीत समोर असतात: आधी एक सुटा स्वर, मग चार स्वरांची चढण. दोन्हीकडे आकृती तीच, फक्त जागा वेगळी, हे नजरेलाच कळतं आणि पाठ करायचं ओझं एकदम कमी होतं. व्हिडिओत मात्र तिसरा बार येईपर्यंत पहिला खाली जाऊन नाहीसा झालेला असतो. हाती उरतात दहा सुटे हुकूम: हे दाब, आता ते दाब. बारची रेघ बहुतेकदा नसतेच, त्यामुळे पहिल्या मात्रेवर वजन द्यायचं असतं हे कळायला मार्ग नाही.

बरं, नोटेशन म्हणजे काही फार मोठं तप नाही. स्वर पाच रेघांवर लिहितात. उंच स्वरांच्या रेघांच्या सुरुवातीला असलेल्या खुणेचं, म्हणजे ट्रेबल क्लेफचं, वेटोळं खालून दुसऱ्या रेघेभोवती फिरतं, ती रेघ जी. बेस क्लेफचे (खालच्या स्वरांच्या खुणेचे) दोन ठिपके ज्या रेघेच्या वर-खाली असतात, ती एफ. दोन्हींच्या मधोमध मिडल सी, म्हणजे पियानोच्या मध्याजवळचा सी. या तीन खुणांपासून पायरी-पायरीने मोजत जायचं. म्युझिकथिअरी डॉट नेटवर याचे फुकट धडे आणि स्वर ओळखायचे सराव आहेत. रोज थोडा वेळ दिला तर सोपी ओळ वाचायला फार दिवस लागत नाहीत. पहिले काही दिवस कंटाळवाणे जातात, त्याला इलाज नाही.

“चार कॉर्ड्स आल्या की झालं”

सी, जी, ए मायनर, एफ. पाश्चात्त्य पॉपमधली पुष्कळ गाणी या चौकडीवर उभी आहेत, तेव्हा दावा अगदीच हवेतला नाही. पण कॉर्ड माहीत असणं वेगळं आणि एकीवरून दुसरीवर वेळेत पोचणं वेगळं. मेसेजच्या पद्धतीने चारही कॉर्ड्स मूळ रूपात (कॉर्डच्या नावाचा स्वर सगळ्यात खाली ठेवून) वाजवल्या तर प्रत्येक वेळी अख्खा हात उचलून दुसरीकडे टाकावा लागतो. लय तिथेच तुटते.

आता हेच असं करून बघा. सी कॉर्ड: सी-ई-जी. तिथून जीवर जाताना जी तसाच ठेवा आणि बाकीचे दोन स्वर एकेक पायरी खाली आणा: बी-डी-जी. मग तिन्ही बोटं एकेक पायरी वर: सी-ई-ए, म्हणजे ए मायनर. त्यातला फक्त ई उचलून एफवर न्या: सी-एफ-ए, झाली एफ कॉर्ड. चार कॉर्ड्स, आणि हात जागचा फारसा हललाही नाही. याला इन्व्हर्शन म्हणतात. कुठल्याही बऱ्या फुकट कोर्समध्ये हा धडा असतो, कॉर्ड्सच्या पुढचाच. ‘चार आल्या की झालं’ म्हणणारा माणूस त्या धड्यापर्यंत पोचतच नाही.

“बोट कुठलंही चालतं”

बोटांना अंगठ्यापासून करंगळीपर्यंत १ ते ५ आकडे असतात. एका सप्तकाच्या स्केलमध्ये (स्वरक्रमात) स्वर आठ आणि बोटं पाच, तेव्हा कुठेतरी अंगठा हाताखालून पुढे काढावा लागणारच. सी मेजरमध्ये उजव्या हाताने तो तिसऱ्या बोटानंतर जातो: १-२-३-१-२-३-४-५. पण एफ मेजरमध्ये चौथा स्वर बी फ्लॅट, म्हणजे काळी पट्टी. तीच चाल ठेवली तर आखूड अंगठा बरोबर त्या काळीवर येतो आणि सगळा हात आत ढकलावा लागतो. म्हणून तिथे १-२-३-४-१-२-३-४. फिंगरिंग, म्हणजे कुठल्या स्वराला कुठलं बोट, हे असं हाताच्या रचनेतून येतं, कोणाच्या लहरीतून नाही.

१७५३ साली योहान सेबास्टियान बाखचा मुलगा सी. पी. ई. बाख याने लिहून ठेवलंय, की त्याच्या वडिलांनी तरुणपणी असे मोठमोठे वादक ऐकले होते जे लांबचा स्वर गाठायचा असेल तरच अंगठा वापरत. म्हणजे पद्धती बदलतात, हे मान्य. पुस्तकात छापलेलं फिंगरिंगही शिलालेख नव्हे. हात लहान असेल तर खुशाल बदला. मात्र एकदा ठरवलं की दर वेळी तेच बोट. दर खेपेला वेगळं बोट लावलं तर हात दर खेपेला नवीनच काहीतरी शिकत बसतो, आणि महिनाभराने माणूस विचारतो, ‘रोज वाजवतो, तरी त्याच जागी का अडतं?’

“फोनच्या पडद्यावरही होतं”

नाही होत. पियानोची पट्टी साधारण १० मिलिमीटर खाली जाते आणि ती किती वेगाने गेली यावर आवाज लहान-मोठा ठरतो. काचेला यातलं काहीच नाही. सगळ्या ८८ पट्ट्या पहिल्या दिवशी नसल्या तरी चालतील. ६१ पट्ट्यांचा, दाबाप्रमाणे आवाज बदलणारा साधा कीबोर्ड सुरुवातीला पुरतो. वरचा मिन्युएट त्यावर आरामात बसतो.

“रोज दोन तास, ३० दिवस”

नवशिक्याने सलग दोन तास बसणं म्हणजे दीड तास थकलेल्या हाताने चुका घोटणं. वीस-वीस मिनिटांच्या दोन बैठकी, मधे चांगला खंड, याने जास्त पदरात पडतं. त्या वीस मिनिटांतही पूर्ण रचना आठ वेळा रेटायची नाही. दोन बार घ्यायचे, आधी एकेक हात, मग दोन्ही, मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र किंवा ॲप) मिनिटाला ६० ठोक्यांवर. चुकत असेल तर आणखी खाली. व्हिडिओसुद्धा निम्म्या वेगाने लावता येतो आणि तसं केल्याने स्वर उतरत नाही. ही सोय फुकट आहे आणि फार कमी लोक वापरतात. अशा एका महिन्यात दोन्ही हातांनी एखादी सोपी, हात न सरकवता वाजणारी चाल संथपणे जमावी. ‘तयार’ वगैरे विसरा.

“शिक्षकाची गरज नाही”

यावर माझं उत्तर अर्धं हो, अर्धं नाही. क्रम हवा असेल तर एकच फुकट कोर्स धरून शेवटपर्यंत नेता येतो, फक्त चार चॅनेलवर उड्या मारायच्या नाहीत. कानाला काय खटकतंय तेही रेकॉर्डिंग ऐकून बरंचसं कळतं. शरीराचं मात्र कळत नाही. कीबोर्ड केबलने ॲपला जोडला तर ॲपला कळतं ते एवढंच: कुठली पट्टी, कधी दाबली, कधी सोडली आणि किती जोरात, ० ते १२७ या मापात. मनगट खाली लोंबतंय, खांदा कानाला टेकलाय, करंगळी आडवी पडलीय, यातलं काहीही त्या आकड्यांत नसतं. ॲप हिरवी खूण देत राहतं.

त्यावर उपाय म्हणजे फोन बाजूला, कोपराच्या उंचीवर ठेवून आठवड्यातून एकदा व्हिडिओ घ्या. कोपर पट्ट्यांच्या पातळीला आहे का, खांदे सैल आहेत का, वाजवत नसलेली बोटं हवेत ताठ उभी राहतात का, हे बघा. आणि हात दुखायला लागला तर सराव तिथेच थांबवा. दुखणं पुन्हा पुन्हा आलं तर एखाद-दुसऱ्या तासापुरतं तरी जाणत्या शिक्षकाला हात दाखवा. दुखऱ्या हाताने वाजवलेल्यालाही ॲप हिरवी खूणच देणार आहे.