तयार गाणी, नवी गोष्ट

ज्यूकबॉक्स म्युझिकल, म्हणजे आधीच गाजलेली गाणी गुंफून रचलेलं संगीत नाटक, म्हटलं की आमच्या नाट्यवेड्या ग्रुपच्या कपाळाला आठ्या पडतात. गाणी आधीच हिट, मग नाटककारानं केलं काय, ही तर चोरीच, असा एकंदर सूर. शनिवारी ब्रॉडवेवर 'अँड ज्युलिएट' बघून आले आणि आता भांडायचंच आहे.

गोष्ट अशी. शेक्सपिअर आपल्या नव्या शोकांतिकेचा शेवट सांगतो आणि त्याची बायको अ‍ॅन हॅथवे म्हणते, छे, पोरगी मरायची नाही! झालं. ज्युलिएट उठून बसते, रोमिओचे बाकीचे उद्योग तिला कळतात आणि दाईला घेऊन ती पॅरिस गाठते. लेखन डेव्हिड वेस्ट रीडचं, गाणी स्वीडनच्या मॅक्स मार्टिनची आणि त्याच्या सहकाऱ्यांची. हे नाव ओळखीचं वाटणार नाही, पण नव्वदीच्या शेवटी ब्रिटनी आणि बॅकस्ट्रीट बॉइजच्या कॅसेटी झिजवल्या असतील तर माणूस तोंडपाठ आहे तुम्हाला.

तर 'आय वॉन्ट इट दॅट वे'. बॅकस्ट्रीट बॉइजचं १९९९चं गाणं. शब्दांचा नीट अर्थ तेव्हाही लागत नव्हता, आम्ही मात्र डोळे मिटून म्हणायचो. इथे ते शेक्सपिअर आणि अ‍ॅन या नवरा-बायकोच्या भांडणात येतं. नाटकाचा शेवट कुणाच्या मनासारखा व्हायचा, त्याच्या की तिच्या? पहिल्या दोन सुरांतच थिएटर हसायला लागलं, आणि कडव्यागणिक ते गाणं खरंखुरं भांडण होत गेलं. ज्या ओळींना वीस-पंचवीस वर्षं धड अर्थ नव्हता, त्यांना घर मिळालं. तीच गत ब्रिटनीच्या 'ऊप्स, आय डिड इट अगेन'ची, म्हणजे 'अरेच्चा, पुन्हा केलं मी'ची. रोमिओच्या चितेची राख निवायच्या आत ज्युलिएट दुसऱ्याशी लग्न ठरवून बसते, मग दुसरं काय म्हणणार ती? ज्युलिएटच्या सोबतीला असलेल्या 'मे' या पात्राच्या तोंडी 'आय अ‍ॅम नॉट अ गर्ल' (मी मुलगी नाही) येतं तेव्हा मात्र कुणी हसत नाही. मे ना मुलगा, ना मुलगी. ब्रिटनीचं ते लाडिक गाणं एकदम अवघड होऊन बसतं.

आता यात चोरी कसली? आपल्या संगीत नाटकांचं काय होतं? अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८०मध्ये 'शाकुंतल' आणलं तेव्हा लोकांच्या कानात बसलेल्या चालींवरच पदं बांधली. १९११च्या 'मानापमान'साठी गोविंदराव टेंब्यांनी ठुमरी-दादऱ्याची पूरबी वळणं आणली आणि वन्स मोर घेता घेता रात्री सरल्या. चाल जुनी, शब्द नवे. इथे शब्दही जुनेच ठेवायचे आणि प्रसंग नवा रचायचा. मला तर हे जास्त कठीण वाटतं. आणि शेक्सपिअरचं म्हणाल, तर त्यानं रोमिओ-ज्युलिएटची गोष्ट आर्थर ब्रूकच्या १५६२मधल्या दीर्घकवितेतून उचललेली. मग बिचाऱ्या ज्यूकबॉक्सवरच राग का?

सगळं जमलंय असं नाही. उत्तरार्धात गाण्यांची रांगच लागते. 'एव्हरीबडी'ला पोरं बॉयबँड होऊन नाचतात, टाळ्या जोरदार, पण गोष्ट तेवढा वेळ विंगेत चहा पीत उभी. हिट आहे म्हणून घुसवलेलं गाणं लगेच ओळखू येतं. गंमत म्हणजे हे सगळं चालतं स्टीफन सॉन्डहाइम थिएटरात. सॉन्डहाइम म्हणजे ब्रॉडवेचा थोर गीतकार-संगीतकार. कोणतं पात्र कोणता शब्द वापरेल यावर त्या माणसानं आयुष्य वेचलं, आणि त्याच्याच नावाच्या छपराखाली हे!

बाजूच्या बाई पहिल्या गाण्यापासून सोबत गात होत्या, तेही वेगळ्याच पट्टीत. अहो, तिकिटाला एवढे डॉलर मोजले ते तुम्हाला ऐकायला का? हे दुखणं सगळीकडचं आहे. २०२३मध्ये इंग्लंडात मँचेस्टरला 'बॉडीगार्ड' या अशाच हिट गाण्यांच्या म्युझिकलचा प्रयोग प्रेक्षकांच्या गाण्यापायी शेवटी शेवटी थांबवावा लागला, पोलीस आले. नवऱ्याचं मत, हिट गाणी लावता तर गाऊ द्या की. त्यावर ट्रेनमध्ये घरापर्यंत वाद.

मला खरं कौतुक आहे ते गायकाऐवजी गाणी लिहिणाऱ्याला मध्यभागी ठेवण्याचं. आपल्याकडे जगदीश खेबुडकरांना घेऊन कुणी करा ना असं! लावणी, भक्तिगीत, प्रेमगीत, सगळा माल तयार आहे. विमानतळावर व्हिसा लागलेल्या मुलाला निरोप देताना बापाच्या तोंडी 'आकाशी झेप घे रे पाखरा'. आणि 'दिसला गं बाई दिसला' डेक्कनवर तासभर घिरट्या घालून पार्किंग सापडलेल्या काकूंना द्या. पहिलं तिकीट माझं.