'अहो ब्लॉगवाले' यांचं उत्तर

चेलोवादक आन्या लेख्नर आणि पियानोवादक फ्रांस्वा कुत्युरिए यांच्या 'मोदेरातो कांताबिले' (2014) या अल्बमवर मी लिहिलं होतं. आर्मेनियन संगीतकार कोमितास आणि अध्यात्मगुरू गुर्जिएफ यांच्या चाली, जोडीला स्पॅनिश संगीतकार मोम्पूच्या आणि कुत्युरिएंच्या स्वतःच्या रचना, असा तो ऐवज. त्यावर एका वाचकांची लांबलचक प्रतिक्रिया आली आहे: आर्मेनियन लोकसंगीत चेलो-पियानोवर वाजवणं म्हणजे ते बाटवणं, असा तिचा सूर. सुरुवातच 'अहो ब्लॉगवाले' अशी. मला नाव आहे, ते लेखाच्या खाली छापलेलंही असतं. असो.

टीका करा, जरूर करा. पण समोरच्याला आधी मूर्ख ठरवून मग मुद्दा मांडायचा ही कुठली रीत? तुमचं एक वाक्य असं: 'गोऱ्यांनी पॉलिश करून दिल्याशिवाय तुमच्या कानांना काही पचत नाही.' रात्री जेवताना ते आठवलं आणि घास तसाच राहिला. म्हणून याच वाक्याबद्दल बोलू.

पॉलिश कोणी केलं, साहेब? कोमितास म्हणजे मूळचा सोगोमोन, 1869 साली आजच्या तुर्कस्तानातल्या कुताह्यात जन्मलेला अनाथ मुलगा. 1881 मध्ये त्याला आर्मेनियन चर्चचं मुख्य पीठ असलेल्या एचमियाद्झिनच्या मठशाळेत नेलं तेव्हा त्याला आर्मेनियन बोलताही येत नव्हतं, घरची भाषा तुर्की. आवाजावर निवड झाली. पुढे हाच मुलगा साधू झाला, खेडोपाडी हिंडून नांगरणीची, लग्नाची, विरहाची गाणी टिपून घेऊ लागला, आणि 1896 मध्ये बर्लिनला जाऊन तीन वर्षं रीतसर पाश्चात्त्य संगीत शिकून आला. शेतकऱ्याची एकसुरी चाल घेऊन ती चार आवाजांच्या समूहासाठी बांधली ती त्याने. पियानोसाठी नृत्यं लिहिली तीही त्यानेच, आणि डफ, तार अशा लोकवाद्यांचा आवाज पियानोतून निघावा हा त्यामागचा हेतू. कॉन्स्टँटिनोपलमध्ये (आजच्या इस्तंबूलमध्ये) तीनशे जणांचा गायकवृंद उभा केला. देवळातली स्तोत्रं नाटकगृहात गायला लावतो म्हणून तिथल्या धर्मगुरूंनी त्याच्यामागे लकडा लावला होता. म्हणजे तुमची तक्रार शंभराहून जास्त वर्षं शिळी आहे, आणि तीही त्या धर्मगुरूंनी तुमच्यापेक्षा बऱ्या शब्दांत केली असणार.

चेलोचं म्हणाल, तर कोमितासची गाणी तंतुवाद्यांच्या चौकडीसाठी बसवणारे सर्गेई अस्लामाझ्यान स्वतः आर्मेनियन, स्वतः चेलोवादक. त्यांच्या चौकडीचं नावच कोमितास. मग लेख्नरबाईंनी चेलो हातात घेतला तर नेमकं काय बाटलं? 24 एप्रिल 1915 रोजी, ऑटोमन सरकारने आर्मेनियन लोकांची धरपकड केली तेव्हा, कोमितासलाही पकडून नेलं. तो परत आला खरा, पण पुढची वर्षं पॅरिसच्या मनोरुग्णालयांत काढून 1935 मध्ये गेला. एवढं सोसलेल्या माणसाने जे कागदावर लिहून ठेवलं ते तिथून वाचून कोणी वाजवू नये, असं तुम्हाला म्हणायचं आहे का? नसेल, तर त्या वाक्याचा अर्थ तुम्हीच सांगा.

आता 'तुम्हाला पाश्चात्त्य वाद्यांचं कौतुक' हा भाग. माझे वडील शाळेत संगीत शिकवायचे, घरात पायपेटी होती. व्हायोलिन मी दादरला गोव्याच्या एका सरांकडे शिकलो. रविवारी ते चर्चमध्ये वाजवायचे आणि बाकीचे दिवस आम्हा पोरांची मनगटं सरळ करण्यात घालवायचे. डावं मनगट जरा खाली आलं की पेन्सिलीचं टोक टोचायचं. चार तारांवरून बोट घासत सूर कुठे सापडतो आणि कुठे निसटतो, हे मी कातडीने शिकलोय, यूट्यूबवर नाही. त्यामुळे 'कान तयार नाहीत' हे कोणाला सांगताय, जरा बघून बोला.

एक मान्य: दुदुक या आर्मेनियन फुंकवाद्याबद्दल मी लेखात एकच ओळ लिहिली होती, ती फार थोडी झाली. जर्दाळूच्या लाकडाचं ते वाद्य, सोबतीला दुसरा दुदुकवाला एकच सूर अखंड धरून बसलेला. आपल्याकडे सनईमागे सूर धरणारा असतो ना, तसाच. त्यावर स्वतंत्र लिहायला हवं, लिहीन. पण चेलोच्या लेखात दुदुक थोडा का, ही तक्रार म्हणजे थोडं अतीच.

बाकीचं थोडक्यात. पियानोत दोन पट्ट्यांच्या मधले सूक्ष्म सूर नसतात, म्हणून अख्खा अल्बम खोटा, असं तुम्ही म्हणता. पियानोचे सूर ठरलेले असतात हे मला ठाऊक आहे, धन्यवाद. कोमितासलाही ठाऊक होतं, तरी त्याने लिहिलं. वादक आर्मेनियन नाहीत, हेही खरं: एक जर्मन, एक फ्रेंच. पण गुर्जिएफचं काय करणार? जन्म आजच्या ग्युम्रीतला, वडील ग्रीक, आई आर्मेनियन, आणि त्याच्या चाली कागदावर उतरवल्या थॉमस द हार्टमन या रशियन संगीतकाराने. कोणत्या टप्प्यावर तुमचा शिक्का मारायचा ते ठरवून कळवा.

लेख लांबला, जाहिरात वाटतो, वगैरे मुद्द्यांना उत्तर देत बसत नाही. मला त्या अल्बममधून एक पैसा मिळालेला नाही. सीडी विकत घेतली होती, पावती मागणार असाल तर तीही सापडेल.

पुढची प्रतिक्रिया लिहाल तेव्हा अल्बम आधी पूर्ण ऐका. पहिल्या दोन रचनांपलीकडे तुम्ही गेलेला नाहीत, हे तुमच्याच लिहिण्यावरून दिसतं; मोम्पूचा तर उल्लेखही नाही. आणि 'ब्लॉगवाले' म्हणून हाक मारलीत तर प्रतिक्रिया प्रकाशित होणार नाही.