खाते क्रमांकापेक्षा आधी आधारचं मॅपिंग बघा

विद्यापीठाच्या शिष्यवृत्ती माहिती दिनावरचा लेख वाचला. त्या दिवशी कॉलेजच्या लिपिकांना ‘विद्यार्थ्यांचे खाते क्रमांक नीट तपासा’ असं सांगितल्याचं त्यात आहे. पण महाडीबीटीचे, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरून येणारे, पैसे बहुतेकदा तिथे अडकत नाहीत. रक्कम आधारवरून जाते. एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार हाताळणाऱ्या संस्थेच्या नोंदीत त्या आधारपुढे जी बँक असेल (हेच मॅपिंग) तिथेच ती जमा होते, आणि एका वेळी एकच बँक असते. शहरात आल्यावर पोरं फोनवरून नवं खातं उघडतात, संमतीच्या चौकटीत टिक करतात आणि मॅपिंग तिकडे सरकतं. पुढे ते खातं बंद पडलं की हप्ता परत जातो. मुलगी मात्र पासबुक घेऊन जुन्याच बँकेत चकरा मारत राहते.

केवायसीला आधार दिलं म्हणजे सीडिंग, म्हणजे खातं त्या नोंदीत आधारला जोडणं, झालं, असंही नाही. त्याची संमती बँकेला वेगळी द्यावी लागते. माहिती दिनात हे प्रत्यक्ष करून दाखवा: ‘माय आधार’ या आधारच्या सरकारी संकेतस्थळावर लॉगिन, ‘बँक सीडिंग स्टेटस’, बँकेचं नाव, ‘अ‍ॅक्टिव्ह’ शेरा. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो आणि तो बरेचदा गावी वडिलांच्या खिशात असतो. म्हणून प्रवेशाला पालक सोबत आलेले असतानाच हे उरकून घ्यावं.