मामा, किंग मेम्फिसला फिरायला गेले नव्हते

रविवारी सकाळी मामांनी फॅमिली ग्रुपवर हातभर लांब फॉरवर्ड टाकला. सार असं: अमेरिकेतल्या युनियन म्हणजे गोऱ्यांचे अड्डे, कृष्णवर्णीयांना त्यांनी बाहेरच ठेवलं. मार्टिन ल्यूथर किंग यांचा युनियनशी काडीचा संबंध नव्हता, डाव्यांनी त्यांचा फोटो पळवला. मालकांनी गुणवत्ता ओळखली म्हणून कृष्णवर्णीय कामगार वर आले. आणि आज ते स्वतःच युनियनपासून चार हात लांब असतात. खाली तीनदा हात जोडलेले. मामा बँकेतून निवृत्त झालेत आणि पेन्शन अपडेशनसाठी संघटनेचे मेसेज याच ग्रुपवर टाकतात, ते असो.

किंगवाला मुद्दा आधी, कारण तो वाचून माझा चहा निवला. ४ एप्रिल १९६८ रोजी कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या किंग यांना अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात गोळी घातली गेली. मामा, ते तिथे कशाला गेले होते? कचरा उचलणाऱ्यांच्या संपाला पाठिंबा द्यायला. १ फेब्रुवारीला पाऊस लागला म्हणून एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन सफाई कामगार कचरागाडीच्या मागच्या भागात आडोशाला शिरले. कचरा दाबायचं यंत्र बिघाडामुळे सुरू झालं आणि दोघं आतच चिरडले. अकरा दिवसांनी १३०० कृष्णवर्णीय कामगारांनी काम बंद केलं. मागण्यांमध्ये पगार होता, सुरक्षा होती आणि युनियनला मान्यता होती. महापौर हेन्री लोब अडून बसले ते या मान्यतेवर. 'मी माणूस आहे' अशा पाट्या घेऊन कामगार रोज रस्त्यावर चालत होते. गोळी लागण्याच्या आदल्या रात्री किंग यांनी केलेल्या भाषणातली 'मी डोंगरमाथ्यावर जाऊन आलोय' ही ओळ सगळे फॉरवर्ड करतात. त्याच भाषणात किंग यांनी श्रोत्यांना सांगितलं की संपकऱ्यांसाठी कोका-कोला आणि ठरावीक कंपन्यांचे पाव घेऊ नका असं आपापल्या शेजाऱ्यांना सांगा, ते कोणी पाठवत नाही. १६ एप्रिलला समझोता झाला, मान्यताही मिळाली. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या किंग इन्स्टिट्यूटने हा संप थोडक्यात लिहून ठेवलाय. मामांना लिंक पाठवली. निळ्या टिका आल्या, बाकी शांतता.

गोऱ्यांचे अड्डे हे मात्र निम्मं खरं आहे, नाइलाजाने मान्य. मशिनिस्टांच्या, म्हणजे यंत्रांवर काम करणाऱ्या कारागिरांच्या, युनियनने १९४८ पर्यंत फक्त गोऱ्यांनाच सभासद केलं. रेल्वेच्या फायरमनांच्या (इंजिनात कोळसा टाकणाऱ्यांच्या) युनियनने तर कंपन्यांशी करार करून कृष्णवर्णीय फायरमनांना हटवायचा घाट घातला होता. शेवटी १९४४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की सगळ्यांच्या नावाने वाटाघाटी करता, तर सगळ्यांना न्यायाने वागवा. आपण तरी कुठल्या तोंडाने बोलणार? मुंबईच्या गिरण्यांत धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून अस्पृश्यांना विणखात्यात घेत नसत, आणि १९२८ च्या संपात बाबासाहेबांना हा प्रश्न युनियनच्या पुढाऱ्यांपुढे रेटावा लागला. पण म्हणून त्यांनी युनियनच नको असं म्हटलं नाही. १९३८ च्या संपात ते कम्युनिस्टांच्या बरोबरीने उतरले.

मालकांची गुणग्राहकता? पुलमन कंपनीच्या रेल्वेतल्या झोपायच्या डब्यांत प्रवाशांची सेवा करणाऱ्या कृष्णवर्णीय पोर्टरांना प्रवासी सरसकट 'जॉर्ज' म्हणून हाक मारत, कारण मालकाचं नाव जॉर्ज पुलमन. महिन्याला ४०० तासांच्या आसपास काम. कृष्णवर्णीय कामगार नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी १९२५ मध्ये त्यांची युनियन उभी केली आणि करार हाती पडायला १९३७ उजाडलं. तास २४० वर आले ते त्या करारामुळे. बारा वर्षं मालकांना गुणवत्ता दिसत नव्हती की काय?

आज ते स्वतःच युनियनपासून लांब असतात, या चौथ्या मुद्द्याला एक ओळ पुरे. २०२३ मध्ये अमेरिकेत कृष्णवर्णीय नोकरदारांपैकी ११.८ टक्के युनियनचे सभासद होते, गोऱ्यांपैकी ९.८ टक्के. आकडे अमेरिकी सरकारच्या कामगार खात्याचे आहेत, युनियनचे नाहीत.